तेरीज जुळत नाही तेव्हा

हिशेब हाताने लिहिले जात त्या काळी वर्षअखेरीची तेरीज हा पेढीवरच्या मुनिमाच्या कसोटीचा प्रसंग असे. जमा आणि नावे या दोन बाजूंची बेरीज नऊ रुपयांनी जुळली नाही, म्हणून कोणी खतावणी फाडली नाही किंवा दुकान बंद केले नाही. अनुभवी मुनीम आधी फरकाकडे पाही. फरकाला नऊने भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ च्या जागी ४५ पडले असावेत, असा तो अंदाज बांधी. भाग जात नसेल तर फरक निम्मा करी आणि त्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का, ते शोधी. चूक सापडली की तांबड्या शाईने दुरुस्ती होई आणि पान पुढे उलटले जाई. व्यापारी घराण्यांच्या रक्तात हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. तरीही घरातल्या मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका हाती आली की तेच घर ते विसरते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

आसनगावच्या बाजारात किराणा मालाचे दुकान असलेले एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातली मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती कल्पनेतली आहे, तरी वासिंद, शहापूर, मुरबाड, आटगाव येथल्या अनेक घरांत ती ओळखीची वाटेल. दहावी-बारावीला तिने नव्वदीचा उंबरठा सहज ओलांडला. तिची वही मैत्रिणी नमुन्यादाखल मागून नेत. अक्षर वळणदार, समासाची रेघ सरळ, खाडाखोड नाही. एक शब्द चुकला तर पूर्ण पान पुन्हा लिहिणारी अशी ही मुलगी. आणि या सत्राच्या निकालात हिशेबशास्त्राच्या विषयासमोर १०० पैकी ५४ हा आकडा आला. घरी तिने ‘‘निकाल अजून लागला नाही’’ एवढेच सांगितले. चार दिवस ती रोजच्या गाडीने गेली आणि रोजच्या गाडीने परतली. जेवणाचे ताट मात्र अर्धे राहू लागले.

ती काही नापास झालेली नव्हती. ५४ गुण म्हणजे उत्तीर्ण. मग एवढे लपवण्यासारखे काय होते? याचे उत्तर तिच्या स्वभावात आहे आणि तिच्या परिस्थितीतही आहे.

स्वभावाचा भाग आधी पाहू. प्रत्येक काम निर्दोषच झाले पाहिजे, या आग्रहाचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील संशोधकांनी १९९१ मध्ये या आग्रहाचे तीन प्रकार मांडले : माणसाचा स्वतःकडूनचा आग्रह, दुसऱ्यांकडूनचा आग्रह, आणि ‘लोक आपल्याकडून निर्दोषतेचीच अपेक्षा करतात’ हा समज. तिसरा प्रकार सर्वांत जाचक. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी १९८९ ते २०१६ या काळातील अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा एकत्रित अभ्यास केला. तिन्ही प्रकार वाढत असल्याचे त्यांना आढळले आणि सर्वांत अधिक वाढ याच तिसऱ्या प्रकारात होती. तो अभ्यास परदेशातला असला, तरी लोकांच्या नजरेचे ओझे कसे असते हे आपल्या समाजाला परक्याने सांगण्याची गरज नाही. भाऊबीजेला चार घरची माणसे जमली की फराळाच्या ताटाबरोबर टक्केवारीही फिरते.

परिस्थितीचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तो सहसा बोलला जात नाही. आसनगावहून मुंबईतल्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे येण्या-जाण्यात रोज चार तास सहज जातात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २४ तास होतात. म्हणजे आठवड्यातला एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र रुळांवर. कल्याणपर्यंतच जाणाऱ्याचा प्रवास कमी असला, तरी कसारा मार्गावरची एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी किती थांबावे लागते, हे फलाटावर उभे राहणाऱ्यालाच ठाऊक. मुरबाडच्या मुलांना तर रेल्वेच नाही. त्यांचा दिवस एसटीच्या वेळापत्रकावर बांधलेला. अशा मुलीच्या गुणांची तुलना महाविद्यालयाशेजारी राहणाऱ्या मुलीच्या गुणांशी करणे म्हणजे वाहतूक खर्च न धरता दोन दुकानांचा नफा तोलण्यासारखे आहे.

पण त्या मुलीला खरी भीती वेगळीच होती. प्रवेशाच्या वेळी घरात चर्चा झाली होती. ‘‘एवढ्या लांब कशाला? पदवी काय, घरून परीक्षा देऊनही मिळते,’’ असे काकांनी सुचवले होते. चांगले गुण हाच तेव्हा तिचा वकील ठरला. त्यामुळे गुणपत्रिका ही तिच्या लेखी अभ्यासाची नोंद राहिली नव्हती. ती रेल्वेच्या पासइतकीच आवश्यक, घराबाहेर पडण्याची परवानगी झाली होती. ज्या मुलीला असे वाटते की एक आकडा घसरला तर शिक्षण थांबेल आणि स्थळे पाहणे सुरू होईल, ती निर्दोषतेचा हट्ट धरणार नाही तर काय करील? तिच्या हट्टाला केवळ स्वभावदोष म्हणणे हा अन्याय होय. घराने न बोलता घातलेली अटही त्यात असते.

आता त्या ५४ गुणांचे वजन काट्यावर ठेवून पाहू, कारण भीतीला आकड्यांची भाषा चांगली कळते. मुंबई विद्यापीठात २०१६ नंतर रूढ झालेल्या श्रेणीच्या तक्त्यात ८० किंवा अधिक गुणांना ‘ओ’ श्रेणी आणि १० गुणांक, तर ५० ते ५५ च्या दरम्यानच्या गुणांना ‘बी’ श्रेणी आणि ६ गुणांक मिळत; तोच तक्ता येथे धरू. समजा, हा विषय तीन क्रेडिटचा आहे, सत्राची एकूण क्रेडिट २० आणि तीन वर्षांची १२० आहेत. अपेक्षा १० गुणांकांची होती, मिळाले ६. तूट चार गुणांकांची. चार गुणिले तीन म्हणजे १२. सत्राच्या सरासरीत ही तूट १२ भागिले २०, म्हणजे ०.६० इतकी दिसते आणि त्या दिवशी ती डोंगराएवढी वाटते. संपूर्ण पदवीच्या सरासरीत मात्र तीच तूट १२ भागिले १२०, म्हणजे ०.१० एवढी उरते. साडेआठच्या जागी ८.४. ही तूट खोटी नाही. तिचे दुःखही खोटे नाही. परंतु एका पदवीचा मोठा भाग अजून लिहायचा असताना रोजकीर्दीतल्या एका नोंदीला वर्षाचा ताळेबंद समजणे, हे कोणत्याही मुनिमाने मान्य केले नसते.

आपल्या समाजातील अनेक मुले सनदी लेखापाल होण्याची इच्छा बाळगतात. त्या परीक्षेचा नियमही येथे उद्‌बोधक आहे. प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि गटात एकूण ५० टक्के गुण मिळवणारा उत्तीर्ण होतो. देशातल्या सर्वांत कठीण परीक्षांपैकी एक समजली जाणारी ही परीक्षा निर्दोषता मागतच नाही. ती मागते ती सर्व विषयांतली पुरेशी जाण, आणि अपयशानंतर पुन्हा परीक्षेला बसण्याची तयारी. शाळेत ९५ टक्क्यांची सवय झालेली हुशार मुले याच वळणावर अडखळतात.

आकडा नेहमी बरोबरच असतो, असेही नाही. २०१७ च्या उन्हाळ्यातील मुंबई विद्यापीठाचे निकाल पुष्कळांना आठवत असतील. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी घाईने सर्वत्र लागू झाली. तपासायच्या उत्तरपत्रिका लाखोंच्या संख्येने होत्या. कुलपती या नात्याने राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. परीक्षेला बसलेल्या काही विद्यार्थ्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागली, काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या वर्षी ज्यांनी आपल्या बुद्धीला दोष देत रात्री जागून काढल्या, त्यांच्यापैकी काहींचा दोष पुढे पुनर्मूल्यांकनात उरलाच नाही. म्हणून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागणे, शंका असल्यास ठरलेल्या मुदतीत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करणे, हा विद्यार्थ्याचा हक्क आहे; तो रडगाणे समजून सोडू नये. मात्र प्रत्येक कमी गुणामागे तपासनीसाची चूक शोधणे, हीदेखील स्वतःकडे पाहण्यातून काढलेली पळवाट ठरू शकते. आधी पुरावा पाहावा, मग निर्णय करावा.

हा पुरावा पाहण्याची रीत जैन घरांत नवी नाही. षडावश्यकांत सामायिक आहे, प्रतिक्रमण आहे, कायोत्सर्ग आहे, प्रत्याख्यान आहे. निराशेच्या प्रसंगी हीच पावले उपयोगी पडतात. निकाल पाहिल्यावर पहिली ४८ मिनिटे काहीही ठरवू नये. विषय सोडायचा, पुढची परीक्षा द्यायची नाही, घरी सांगायचे नाही, यांपैकी एकही निर्णय त्या वेळी घेऊ नये. समभाव लगेच येत नाही. पण ४८ मिनिटे शांत बसल्याने निदान श्वास ठिकाणावर येतो. त्यानंतर आलोचना. ‘मी मूर्ख आहे’ हे वाक्य आलोचना नव्हे, ती स्वतःची हिंसा आहे. ‘चौथा प्रश्न अर्धा राहिला’ ही आलोचना. दोष नेमका, मोजता येईल असा आणि आपल्याकडून घडलेला असावा. जे मनातून वारंवार घोळवले जाते, इष्ट गेले आणि अनिष्ट आले म्हणून झुरणे, त्याला शास्त्रांनी आर्तध्यान म्हटले आहे. ते पश्चात्तापासारखे दिसते, पण त्यातून कर्माची निर्जरा होत नाही, उलट बंध वाढतो. शेवटी प्रत्याख्यान : पुढच्या वेळी काय करणार नाही, याचा एकच लहान, पाळता येईल असा नियम.

निर्दोषतेच्या आग्रहातून येणारी एक चूक अशा आलोचनेत हमखास सापडते. तीन तासांत शंभर गुणांची प्रश्नपत्रिका असेल, तर एका गुणाला १.८ मिनिटे येतात आणि १५ गुणांच्या प्रश्नाला २७ मिनिटे. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नातला ताळेबंद जुळेना. तसाच सोडणे तिला सहन होईना. तिने त्यावर ४५ मिनिटे घालवली, आणि अखेरीस तो जुळलाही. या आग्रहाने तिला फार तर दोन गुण अधिक मिळाले असतील. पण १८ मिनिटे जास्त गेली, म्हणजे दहा गुणांचा वेळ शेवटच्या प्रश्नाकडून काढून घेतला गेला. पुढच्या प्रश्नातही तसेच घडले. शेवटची पाने कोरी राहिली. तिला विषय येत नव्हता असे नाही. तिला अपुरे उत्तर मागे ठेवून पुढे जाता येत नव्हते. हा फरक कळला की ५४ हा आकडा शिक्षा राहत नाही, तो निदान होतो. तिचे प्रत्याख्यान एका ओळीचे : २७ मिनिटे झाली की पान उलटायचे, ताळेबंद जुळो वा न जुळो.

पण पान उलटणे इतके अवघड का जाते? बाहुबलींची कथा या ठिकाणी आठवते. श्वेतांबर परंपरेत ती अशी सांगितली जाते : राज्य सोडून ते एक वर्ष निश्चल ध्यानात उभे राहिले. अंगावर वेली चढल्या, पक्ष्यांनी घरटी केली, तरी केवलज्ञान होईना. आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, एवढा एक विचार आत शिल्लक होता. ब्राह्मी आणि सुंदरी या भगिनींनी येऊन त्यांना हत्तीवरून खाली उतरण्यास सांगितले. तेथे हत्ती कोठला? तो हत्ती मानाचा होता. ते कळून त्यांनी पाऊल उचलले आणि त्याच क्षणी केवलज्ञान झाले. वर्षभराची कठोर तपश्चर्या जे करू शकली नाही, ते एका नम्र पावलाने केले. निर्दोषतेच्या हट्टातही मान हा कषाय साधनेचा वेश घेऊन बसलेला असतो. ‘मला चुकता येणार नाही’ हे वाक्य नम्र माणसाचे नाही. ‘मी चुकू शकते, आणि चुकल्यावर दुरुस्त करू शकते’ हे नम्रतेचे वाक्य आहे, आणि अभ्यासाला तेच अधिक उपयोगी पडते. शिक्षकांना शंका विचारायला जाण्याची लाज, मैत्रिणीकडून समजून घेण्याचा संकोच, हे सारे त्या हत्तीवर बसूनच होते.

आसनगावच्या फलाटावरून माहुलीचे सुळके दिसतात. रोज गाडीची वाट पाहणाऱ्यांना त्या किल्ल्याची एक गोष्ट ठाऊक असावी. पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेलेला हा किल्ला परत घेण्यासाठी १६७० च्या आरंभी मराठ्यांनी चढाई केली. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता. चढाई फसली आणि फार मोठी प्राणहानी झाली. महाराजांनी तेथेच हट्ट धरून आणखी माणसे खर्ची घातली नाहीत. त्याच वर्षीच्या जूनमध्ये माहुली स्वराज्यात आला. युद्धाचा दाखला अहिंसेच्या उपासकांना गौरवासाठी देण्याचे कारण नाही; दाखला आहे तो माघारीच्या विवेकाचा. एक प्रयत्न फसणे आणि उद्दिष्ट सोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा प्रसंगी मोठ्या माणसांची अपयशे सांगून मुलांचे सांत्वन करण्याची प्रथा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आपल्याला अभिमानाचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांच्या नावावर मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डी.लिट. दिली. परंतु हे उदाहरण देताना एक सावधगिरी हवी. ५४ गुण मिळालेल्या मुलीला ‘तूही कर्मवीर होशील’ असे म्हणणे म्हणजे तिच्या खांद्यावर आणखी मोठी अपेक्षा ठेवणे आहे. भाऊरावांच्या चरित्रातून घ्यायचे ते वेगळेच : त्यांनी आपल्या अपुऱ्या शिक्षणाची लाज बाळगत आयुष्य काढले नाही, तर ज्यांना शाळेचे दारच दिसले नव्हते त्यांच्यासाठी ते उघडले. मोठे न होताही माणूस उपयोगी होऊ शकतो, आणि मुलांना ते ऐकण्याची अधिक गरज असते.

पालकांची जबाबदारी येथे सुरू होते. गुण ऐकल्यावर आईवडिलांचे पहिले वाक्य मुले वर्षानुवर्षे विसरत नाहीत. ‘‘बाकीचे ४६ कुठे गेले?’’ हा विनोद म्हणून विचारलेला प्रश्नही मुलगी विनोद म्हणून ऐकत नाही. त्यापेक्षा ‘‘जेवलीस का?’’ हा प्रश्न बरा. गुणांचा विषय जेवणानंतर निघू शकतो. दुसरे, शिक्षण चालू ठेवण्याचा निर्णय गुणांपासून सोडवून घ्यावा आणि तो मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावा. ‘‘पदवी पूर्ण होईपर्यंत तुझा पास काढला जाईल, गुण कितीही पडोत,’’ या एका वाक्याने जी भीती जाईल, ती दहा व्याख्यानांनी जाणार नाही. तिसरे, गुण नातेवाइकांच्या मेळाव्यात मांडू नयेत. चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. दुकानाची उलाढाल आपण चारचौघांत सांगत नाही, मग मुलांचीच का सांगावी?

आणि एक गोष्ट टाळून चालणार नाही. झोप उडणे, जेवण तुटणे, मैत्रिणींना टाळणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे उद्गार निघणे, हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर ते नखरे समजू नयेत. जीव नकोसा झाल्याचे सूचित करणारे एकही वाक्य कानी पडले, तर तेवढीही वाट न पाहता मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तापासाठी डॉक्टरांकडे जाताना जशी लाज वाटत नाही, तशी येथेही वाटू नये. जीवदयेची पहिली पात्रे आपल्या घरातच असतात.

पाचव्या दिवशी त्या मुलीने गुणपत्रिका वडिलांच्या गल्ल्यावर ठेवली. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. वडिलांनी चष्मा लावून आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, जसे ते व्यापाऱ्यांची बिले पाहतात. ५४ जवळ त्यांचे बोट थांबले. ‘‘बेटा, चूक सापडली का?’’ त्यांनी विचारले. ‘‘सापडली, पप्पा. वेळेची आहे.’’ ‘‘सापडली ना? मग झाले,’’ असे म्हणून त्यांनी कागद घडी घालून तिच्या हाती परत दिला आणि तिची आई जेवणासाठी थांबली आहे, याची आठवण करून दिली.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी ज्ञानपंचमीला ज्ञानाची पूजा करतो. हे दोन्ही दिवस इतके जवळ आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी पुढे ओढली जाते. तूट असली तरी ती लपवली जात नाही आणि तिच्यासाठी वही कोरी टाकून दिली जात नाही. ज्ञानाच्या वहीलाही हाच नियम लागू केला, तर ज्ञानपंचमीचे पूजन अधिक खरे होईल.